वरच्या खोलीपर्यंतची वायर

अण्णा,

काल आपल्या वरच्या खोलीत इंटरनेटची वायर पोहोचली. इंटरनेट म्हणजे काय ते सांगत बसत नाही. तुम्ही गेलात तेव्हा घरात टेलिफोन होता, तेवढंच. असं समजा, की आता पुष्कळ माणसं ऑफिसात न जाता घरी बसून नोकरी करतात आणि त्यासाठी घरात एक वायर यावी लागते. आपल्याकडे ती खाली पुढच्या सोप्यापर्यंत आली होती, पुढं जिना चढायला तयार नव्हती. वायरशिवायही चालतं म्हणतात. पण तुम्ही हौसेनं बांधलेल्या ह्या काळ्या दगडाच्या भिंती आणि वरचा स्लॅब, त्यांतनं काही म्हणता काही आरपार जात नाही.

वर माझी लेक राहते आहे. तुम्ही तिला परकरातली पाहिलीत, आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. महिन्यापूर्वी ती दोन बॅगा घेऊन पुण्याहून आली आणि नवऱ्याकडे परत जायचं नाही म्हणाली. मारतो का, विचारलं. 'नाही गं. मी काहीही बोलले तरी हसतो, आई. दहा वर्षं झाली.' नोकरी तिनं ठेवली आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर ऑफिसच्या लोकांशी बोलायचं असतं. वर ते चालेना, म्हणून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. कुकर बोलायला लागला की ती नुसता हात वर करायची आणि मी धावत जाऊन गॅस बंद करायचे. मागल्या आठवड्यात तिच्या साहेबानं सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत घरी नीट सोय करा, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात रोज हजर राहा. पुण्याला जायचं म्हणजे दुसरी जागा मिळेपर्यंत तरी त्याच घरात, त्याच हसण्यात.

परवा शेजारच्या वहिनी विरजण न्यायला आल्या. टेबलाशी बसलेल्या लेकीकडं बघत मला म्हणाल्या, 'लई दिस ऱ्हायली की ओ लेक. जावई न्हाईत आलं?' मी वाटी पुसत म्हणाले, 'राहील की आठ दिवस.' लेकीच्या कानांवर ऑफिसचं बोलणं ऐकायचं ते गोल यंत्र होतं, पण एकाच कानावर. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. आठ दिवस. तोंड माझं होतं, अण्णा, शब्द तुमचे.

तो दिवस आठवतो, अण्णा? मी वडगावहून, सासरहून आले आहे. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत. शाळेतली नोकरी मला सोडायला लावली आहे. तिकडच्या दुकानात गिऱ्हाईक असलं की सासरे मुद्दाम 'आमच्या मडमला विचारा' म्हणतात आणि सगळे हसतात. तुम्ही शाहूपुरीतलं आपलं विजेच्या सामानाचं दुकान बंद करून जेवायला आला आहात. बोटं शंखजिऱ्यानं पांढरी. पाइपातनं वायर सरकावी म्हणून तुम्ही तिला ती पूड लावायचा, आणि ती तुमच्या नखांतून कधी गेलीच नाही. आई ताट वाढते आहे, माझ्याकडं बघत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेता, भाकरीचा तुकडा मोडता आणि म्हणता, 'आठ दिस ऱ्हा. मग मी पोचवतो.' मी म्हणते, 'अण्णा, वरची खोली माझीच आहे ना?' तुम्ही म्हणता, 'खोली हाय की तुझी. पर घर तिकडं हाय.'

नवव्या दिवशी तुम्ही मला एस.टी.त बसवून वडगावला घेऊन गेलात. उंबऱ्याशी पिशवीतनं एक टॉर्च काढलात, दुकानातला, खोक्यासकट. 'तिकडं लाईट जातीया,' म्हणालात. आणि, 'काय लागलं तर पत्र टाक.' मी टाकलं नाही. नन्सच्या शाळेत पत्रलेखनाला मला पैकीच्या पैकी मार्क असायचे. सिस्टर माझी वही वर्गात फिरवायच्या, आणि त्या शाळेची फी तुम्ही लोकांच्या माळ्यांवर चढून, वायरी ओढून भरलीत. तरी तुम्हाला मी एक ओळ लिहिली नाही. हे पहिलंच पत्र. संसार पुढं झाला, मोडला नाही. सासरे गेल्यावर ह्यांनी मला शिकवण्या घेऊ दिल्या. माणूस वाईट नव्हता. पण तुमच्याशी मी पुढं जे काही बोलले ते तब्येत आणि पाऊसपाणी, बाकी नाही.

तर परवा वहिनी गेल्यावर मी फोन केला आणि काल नेटवाला आला. पन्नाशीचा गृहस्थ, गुडघ्याला पट्टा. दारातच त्यानं विचारलं, 'ठरलं न्हवं आता, काकी?' मी 'हो' म्हणाले. त्यानं सोप्यात टेलिफोनच्या स्टुलामागची भिंत चाचपली. तिथं रंगाखाली दबलेली एक लाकडी पट्टी होती, ती उचकटली. आत तुमचा लोखंडी पाइप आणि त्यात एक जुनी वायर. 'ही टेलिफोनची हाय. वर गेलीया बघा. कुणी घातली म्हणायची?' 'माझ्या वडिलांनी. वायरमन होते.' 'मग भोक पाडायला नगो. त्यांनीच वाट करून ठेवलीया.' त्यानं लेकीला वरचं कपाट सरकवायला सांगितलं. थोड्या वेळानं वरून हाक आली, 'आई, वर ये. इथं तुझं नाव आहे.'

तुमची रीत मला ठाऊक होती. प्रत्येक वायरच्या टोकाला कागदाची चिठ्ठी गुंडाळायची, वर चिकटपट्टी. मोरी. देवघर. माडीचा दिवा. कपाटामागं भिंतीत वायरचं वेटोळं होतं आणि त्याच्या टोकाला तुमच्या पेन्सिलीतली चिठ्ठी. 'अक्का. फोन.' हे गेल्यावर मी इथं राहायला आले, पण धाकटा भाऊ बंगळूरला गेल्यापासून ह्या घरात मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. आपल्याकडं टेलिफोन आला तो तुम्ही मला पोचवून आलात त्याच्या पुढल्या वर्षी. म्हणजे ही वायर त्यानंतरची. खोलीत तेव्हा कुणी राहत नव्हतं.

मला रडू आलं नाही, राग आला. एक पोस्टकार्ड टाकायचंत, अण्णा. 'वर फोन घेतलाय, कधीही ये.' मी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं आले असते. भिंतीतल्या वायरीला काय कळतं? का तुम्ही माझ्या पत्राची वाट बघत होतात, आणि मी तुमच्या? आईला ठाऊक असणार. ती होती तोवर तिलाही मी कधी विचारलं नाही.

नवी वायर जुनीच्या टोकाला बांधायची आणि वरून जुनी ओढायची, म्हणजे नवी मागोमाग वर जाते. पण नवी जाड, पाइप गंजलेला, निम्म्यात अडली. नेटवाला म्हणाला, 'काकी, पावडर हाय का घरात?' मी आतून डबा आणला तर हसला. 'माझ्या तोंडाला न्हवं, वायरीला.' त्याचं त्याला हसू, आणि मी डबा उघडून बोटं आत घातली. मग खाली मीच बसले. पावडर लावलेल्या बोटांनी वायर पाइपात सारत होते, वर लेक ओढत होती, आणि नेटवाला जिन्यावर मधोमध. 'येतंय का?' 'येतंय!' 'ओढ की जोरात, जेवली न्हाईस का?' 'ओढतेय हो, काका!' असं पंधरा मिनिटं चाललं. तुमची वायर सगळी वर निघाली, काळी पडलेली. माझी बोटं संध्याकाळपर्यंत पांढरी होती. मी मुद्दाम धुतली नाहीत.

तुम्हाला पोचवायचं हे पत्र नव्हे. तुमच्या टॉर्चचं खोकं अजून आहे, त्यात हे कागद आणि ती चिठ्ठी ठेवून देईन. पण एक गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय तुमच्यावर रागवायचा मला हक्क नाही. नेटवाला काल पहिल्यांदा आला नव्हता. लेक आली त्याच आठवड्यात, ती बँकेत गेली असताना, मी त्याला बोलावून विचारलं होतं. त्यानं भिंतीवर टकटक करून सांगितलं होतं, 'जमतंय की. भोक पाडू, एका दिसाचं काम.' मी म्हणाले, मग कळवते. आणि लेक परत आल्यावर तिला सांगितलं, 'नाही जमत म्हणतो गं, दगडी भिंती आहेत.' ती 'बरं' म्हणाली आणि कॉम्प्युटर उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसली. मला वाटलं होतं, गैरसोय झाली की जाईल आपोआप. मला तोंडानं काही म्हणावं लागणार नाही.

आता वरून तिचा आवाज येतो आहे. कुणाला तरी काही समजावून सांगते आहे, न थांबता, आणि पलीकडचं कुणी हसत नाही. चार वाजले की चहाला खाली येईल. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.