उजव्या बाजूला कोण बसणार

सेंट वेंडेल, कॅन्सस
९ मार्च १९८६

ती. अल्विनाताईस,
लिओनाचा सा. न. वि. वि.

गहू हिरवा आहे, वारा नेहमीसारखाच वेडा आहे आणि मी बरी आहे. व्हर्जिलला जाऊन हा दुसरा वसंत. त्याचं विमान शेडमध्ये धूळ खातंय. विकून टाक, असं डॅरेल प्रत्येक फोनला म्हणतो. परवा मी त्याला सांगून टाकलं, की नाताळपर्यंत मी ते एकटीनं उडवीन, नाहीतर माझ्या हातानं विकीन. आई, तुला बरं आहे ना, असं त्यानं विचारलं.

तीस वर्षं मी व्हर्जिलच्या उजवीकडे बसून नकाशा धरला. आता चालवायला डावीकडे बसायचं, तर उजवीकडे शिकवणारा हवा. विमानशाळा फार लांब, म्हणून आपल्या धावपट्टीवर येऊन शिकवणारे स्वतंत्र शिक्षक पाहिले. एक तरुण मुलगा आहे. त्याला मोठ्या विमान कंपनीत जायचंय, म्हणून उड्डाणाचे तास गोळा करतोय. बोलतानाही नजर घड्याळाकडे. दुसरी नॉर्मा कून. हात मिळवला आणि विचारलं काय, तर बाई, शिकायचंय की रमायचंय. मला रागच आला. तिसरे एमिल वासिंगर, व्हर्जिलचे स्नेही. पूर्वी पिकांवर फवारणीचं विमान चालवायचे. त्यांनी विमानाच्या नाकावर थाप मारली आणि म्हणाले, काय म्हातारे, बरी आहेस ना. मी त्यांनाच हो म्हटलं.

लोभ आहेच, तो पत्रानं ओला ठेव.
तुझी लिओना

ऑगलट्री, नेब्रास्का
२० मार्च

चि. लिओनास,
अ. उ. आ.

साठीत तुला आकाशात जायची हौस, आणि मला इथं जिना चढवत नाही. सिस्टर अ‍ॅग्नेलाच्या वर्गात नकाशा उलटा धरणारी तू. तुला शेजारी घेऊन व्हर्जिल इतकी वर्षं न हरवता फिरला, हाच चमत्कार.

पण शिक्षक असा निवडतात का गं? विमानाला थाप मारली म्हणून? मी जन्मभर पोरांना शिकवलंय, माझं ऐक. त्यांना विचार, आजवर किती जणांना एकटं उडायला सोडलंत. शिकवणारा किती सांगतो ते पाहू नकोस. हात कधी काढून घेतो ते पाहा.

माया आहे म्हणून दटावते.
अल्विना

सेंट वेंडेल
३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमचे गुरुवार छान जातात. सकाळी उडतो, मग एमिल जेवायला थांबतात. आईच्या हातचे कोबी-खिमा भरलेले पाव करते. ते म्हणतात, त्यांची रोझालिया गेल्यापासून असे खाल्ले नव्हते. उरलेले सहा दिवस रेडिओ लावून ठेवते.

वारा आडवा असला तरी आमचं विमान फुलासारखं टेकतं. दोघांपुढे एकेक सुकाणू असतं, त्यांचं हललं की माझंही हलतं. कुणी उतरवलं ते कधीकधी कळतच नाही.

तुझ्या गुडघ्यांना आणि तुला प्रेम.
लिओना

ऑगलट्री
१४ ऑगस्ट

चि. लिओनास,
अ. उ. आ.

कुणी उतरवलं ते मला इथं बसून कळलं. पत्रात एमिल काय जेवले ते सगळं आहे, पण तू एकटी उडाल्याची एक ओळ नाही. तुला शिक्षक नको होता, जेवायला माणूस हवा होता. त्यात लाज कसली? मग विमान विक आणि त्यांना नुसतं जेवायला बोलाव.

कडू लिहिलं. पण तुला असं लिहिणारं आता दुसरं आहे कोण?
तुझीच,
अल्विना

सेंट वेंडेल
१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण रागावले होते. पण तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी एमिलना सांगितलं, उतरताना हात मांडीवर ठेवा. त्यांनी ठेवले. धावपट्टी जवळ आली तशी उचलले. खाली आल्यावर त्यांनी टोपी काढली. म्हणाले, लिओना, व्हर्जिलच्या बायकोला आपटू देणं माझ्याच्यानं होत नाही. नॉर्माला फोन त्यांनीच केला.

नॉर्मानं मला भरपूर आपटू दिलं. प्रत्येक वेळी एकच शब्द, पुन्हा. काल वारा पडला होता. तिनं धावपट्टीवर विमान थांबवायला लावलं, दार उघडून उतरली आणि म्हणाली, तीन फेऱ्या मारून या. एक माणूस कमी झालं, तर विमान इतकं भराभर वर चढलं की मी घाबरले. वर व्हर्जिल आठवेल असं वाटलं होतं. नाही आठवला, ताई. हातांना फुरसतच नव्हती. खाली आल्यावर मात्र त्याचंच वाईट वाटलं.

पूर्वी शिक्षक मागच्या खुर्चीत बसून शिष्याचा सदरा ओढून खुणा करत. आता ओढायला नको, म्हणून पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्याच्या सदऱ्याचं टोक शिक्षक कापून घेतो, अशी रीत आहे. एमिल बाकावर बसून बघत होते. नॉर्मानं कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी सावकाश, शिंप्यासारखं सरळ कापलं.

डॅरेलला कळवलं. तो म्हणाला, म्हणजे आता विकणार नाहीस तर.

काल सदरा कापून झाल्यावर नॉर्मा निघून गेली. शेडच्या दाराशी चढ आहे, विमान मागं ढकलणं माझ्या एकटीच्यानं होत नाही. एका पंखाशी एमिल लागले, दुसऱ्याशी मी. आत ठेवल्यावर जाता जाता त्यांनी विचारलं, गुरुवारी विमान काढणार का. मी म्हटलं, काढणार, पण उडीन एकटीच. तुम्ही परत आत ठेवायला या.

सदरा मागून आखूड झालाय, पाठीला गार लागतं. तुझ्या मायेचं पांघरूण असू दे.
तुझी लिओना