होडीसाठी गाडी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच. प्रत्यक्षात वाकता येत नाही. चार महिने दर रविवारी लोकांच्या गाड्यांखाली डोकावून कंबरेने असहकार पुकारला आहे.) तुझं बी.पी., भावोजींचा गुडघा आणि तुझ्या शाळेतल्या साडेआठशे मुलांची शिस्त, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत आहेत, असं पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर मी हादरलो आहे. बुधवारपासून माझ्या हातून दोन कवळ्या वाया गेल्या. तिसरी एका नाजूक आजींसाठी केली होती, ती एका पैलवान गृहस्थांच्या नावाने रवाना झाली. दातांच्या डॉक्टरांनी फोन करून, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. वीस वर्षांत त्यांनी मला 'झाली का तयार' याखेरीज काही विचारलेलं नव्हतं. तुझी भावजय म्हणते, एवढं हादरायचं असेल तर ताईंना लिहून हादर, आम्हाला जेवू दे. म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण फोनवर पहिल्या वाक्यानंतर तू मला बोलू देत नाहीस. (रागावू नकोस. भावोजींचंही हेच मत आहे.)

सुरुवातीपासून सांगतो, कारण मधूनच सांगितलेलं तुला चालत नाही. चार महिन्यांपूर्वी बाबा आपली चौदा फुटी होडी ट्रेलरवर चढवून, छोट्या गाडीला जोडून तलावावर गेले. उतारावर चिखल होता. गाडी मागे घेतली ती थांबलीच नाही, आणि होडीपाठोपाठ गाडीही पाण्यात उतरली. बाबा खिडकीतून बाहेर आले, छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले, आणि लोकांनी दोर टाकला तेव्हा त्यांनी आधी दोराची जाडी विचारली. (चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते हे मान्य, पण बुडणाऱ्या माणसाने काही गोष्टी चालवून घ्याव्यात.) घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की चूक त्यांची नव्हती, गाडीची होती. तिच्या दोनच चाकांना जोर. चारही चाकांना जोर लागणारी गाडी असती तर ती चिखलातही हलली नसती. तेव्हा आता तशी एक जुनी गाडी घ्यायची. वय वर्षे शहात्तर! त्यावर तू त्यांना फोन करून रडलीस, आणि डोळे पुसून लगेच मला फोन केलास. तुझा हुकूम मला शब्दन् शब्द पाठ आहे. त्यांना नाही म्हणू नकोस, ते हट्टाला पेटतील. बरोबर जा, गाड्या बघ, आणि एकही पसंत पडू देऊ नकोस. वर्षभरात होडीचं वेड आपोआप उतरेल. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, आणि एकटेच पाण्यात असताना काही झालं तर, या विचाराने माझाही जीव टांगणीला लागला होता. म्हणून दोन दिवसांनी मी बाबांना फोन केला, रविवारी गाड्या बघायला जायचं का म्हणून. ते म्हणाले, ये.

पण मला काही करावंच लागलं नाही, हा पहिला धक्का. मी कवळ्या बनवणारा माणूस. गाडीचं बॉनेट उघडलं की मला एवढंच कळतं की आत दात नाहीत. अशा माणसाने गाडीला नावं ठेवायची कशी, या काळजीने मी एका मेकॅनिककडून चार अवघड शब्द शिकून घेतले होते. ते खिशातच राहिले. बाबा आले तेच छापील तक्ता घेऊन. एक्केचाळीस प्रश्न, आणि पुढे 'होय', 'नाही' आणि 'शेरा' असे रकाने. बरोबर पोलादी टेप, ताणकाटा, आणि रस्ता मोजायची ती चाकाची काठी. पहिल्याच गाडीच्या मालकाला त्यांनी भर उन्हात ती काठी घेऊन एक किलोमीटर चालवलं. मग तेवढ्याच रस्त्यावर गाडी नेऊन तिचा काटा किती सरकतो ते पाहिलं. चाळीस मीटरचा फरक निघाला. बाबांनी शेऱ्यात 'मापात पाप' असं लिहून सही केली आणि आम्ही निघालो. तो माणूस आपल्याच गाडीच्या सावलीत बसून पाणी पीत होता. आपण गाडी विकायला काढली होती की प्रकृती सुधारायला, हे त्याला आठवत नसावं.

मग शपथवाले. जुन्या गाड्यांच्या मैदानावर हे गृहस्थ टेबल टाकून बसतात आणि वाक्यागणिक कुणाची तरी शपथ घेतात. आईची घेतली, मुलांची घेतली, एकदा तर माझी घेतली, आणि मला भेटून त्यांना दहा मिनिटंही झाली नव्हती. चारही चाकांना जोर नक्की लागतो ना, असं विचारल्यावर त्यांनी थोरल्या मुलाला पणाला लावलं. बाबा आत बसले, थोडा वेळ खाली वाकून काहीतरी न्याहाळलं, मग चारही चाकांचा तो दांडा ओढला, आणि दांडा हातात घेऊन खाली उतरले. अख्खा दांडा, मुठीसकट. शपथवाले म्हणाले, "काका, आजवर असं कधी झालं नाही हो!" आणि ताई, हे एकच वाक्य ते शपथेशिवाय बोलले. बाबांनी दांड्याची लांबी मोजून तक्त्यात लिहिली आणि तो त्यांना अदबीने परत केला.

एका निवृत्त क्रीडाशिक्षकांची गाडी बाहेरून इतकी चकाचक की तिच्यात बघून भांग पाडावा. बाबांनी मागची सीट उचलली, तर खाली वाळलेला गाळ, आणि गाळात बोटभर माशाचा सांगाडा. मी दोन पावलं मागे उडालो. सहलीतला असेल, असं क्रीडाशिक्षक म्हणाले. शेवटी त्यांच्या बायकोने खिडकीतून सांगितलं की पुरात ही गाडी चार दिवस पाण्याखाली होती. (अशा बायकांमुळेच जगात थोडंफार सत्य टिकून आहे.) बाबा गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या गाडीला माझ्या होडीपेक्षा पाण्याचा अनुभव जास्त आहे." परत येताना आम्ही दोघं इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. बाबांना असं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तुला मात्र त्या आठवड्यात 'मोहीम यशस्वी' एवढाच निरोप पाठवला, कारण हसण्याबद्दल तुझ्या हुकुमात काही नव्हतं.

असे सोळा रविवार झाले. सकाळी आठला मी पोचायचो तेव्हा बाबा बूट घालून दारात उभे असायचे. दोन कप चहा, तक्त्याचा नवा कागद, पेन्सिलीला टोक. त्याआधी मी त्यांच्याकडे किती जायचो हे तुला सांगायला लाज वाटते. दोन महिन्यांतून एकदा, औषधं द्यायला, आणि तेही इंजिन चालू ठेवून.

सतराव्या रविवारी डॉक्टरीणबाई भेटल्या. जनावरांच्या. गुरं तपासायला शेताशेतांतून हिंडून आता दवाखान्यातच बसायचं ठरवल्यामुळे त्यांची गाडी विकायला होती. पत्र्याला पोचे होते, पण प्रत्येक पोच्याची तारीख आणि तो पाडणाऱ्या बैलाची माहिती त्यांनी आपणहून दिली. बाबा खाली झोपले, वर चढले, आत बसले. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस 'होय'! माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता ताई मला सोडत नाही, असं म्हणून मी खिशातले चारही अवघड शब्द एकदम फेकले. बाईंनी तीन शब्दांची उत्तरं दिली आणि चौथा भाग ट्रॅक्टरला असतो असं सांगितलं. मग म्हणाल्या, पुढच्या रविवारी होडीच घेऊन या, मागच्या चढावर ओढून बघू. बाबा म्हणाले, ट्रेलरच्या कुलपाची किल्ली हरवली आहे. बरं, मग ट्रेलरची जोडणी जमिनीपासून किती उंच आहे तेवढं कळवा, मी तसा हूक बसवून ठेवते. बाबा म्हणाले, बघून सांगतो. ताई, माझ्या घराच्या दाराची रुंदी ज्या माणसाला तोंडपाठ आहे, त्याला आपल्या ट्रेलरची उंची बघून सांगायची होती! मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मी सुटकेच्या आनंदात होतो.

बुधवारी मीच टेप घेऊन सुताराच्या शेडवर गेलो, जिथे बाबांची होडी वर्षानुवर्षं ठेवलेली असते. म्हटलं, उंची चार बोटं चुकीची कळवावी, हूक बसणार नाही, व्यवहार फिसकटेल. (होय, मी इतका खालच्या थराला गेलो होतो. तुझ्यासाठी.) शेडमध्ये होडीच्या जागी नवे कोरे सहा दरवाजे रंग वाळत उभे होते. होडी नाही, ट्रेलर नाही, वल्हीसुद्धा नाहीत. सुतार म्हणाला, "होडी? ती तर चार महिन्यांपूर्वीच दिली की काकांनी. तलावाची पाहणी करणाऱ्या सरकारी खात्याची माणसं घेऊन गेली." मी त्याच्या रंधा मारायच्या बाकावर बसलो. तो म्हणाला, मी काकांना विचारलं, एवढी जिवापाड जपलेली होडी का देता? तर म्हणाले, मुलगी फोनवर रडली. मुलीला रडवून कसली होडी चालवायची?

ताई, तू रडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी होडी देऊन टाकली. आपल्याला सांगणारही असतील. पण त्याच्या पुढच्या दिवशी माझा फोन गेला, रविवारी गाड्या बघायला जायचं का म्हणून. मी आपणहून विचारलं होतं. त्यांना वाटलं असेल, मुलाला आपल्याबरोबर रविवार घालवायचा आहे. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं आपण न घेतलेल्या गाडीवरून कारस्थानं रचत बसलो. आणि ते नसलेल्या होडीसाठी सोळा रविवार गाड्या नापास करत बसले, कारण एक जरी घेतली असती, तर पुढच्या रविवारी मी आलो नसतो. मला तिथे रडू आलं. सुताराने मला पाणी दिलं आणि दरवाज्यांना हात लावू नका, रंग ओला आहे, असंही सांगितलं.

परवा रविवारी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी होडीचं नाव काढलं नाही. बाबांनी सकाळभर दोष शोधले. गाडीला कुत्र्याचा वास येतो म्हणाले. (येतो.) आरसा उदास आहे म्हणाले. चौतीस वर्षं पुराव्याशिवाय एक शब्द न लिहिलेला माणूस आरशाला उदास म्हणत होता, ते मला बघवेना. मी म्हणालो, "बाई, गाडी घेतली." माझ्याच तोंडून हे निघालेलं ऐकून मी दचकलो. बाबा तर पांढरेफटक पडले. "अरे, पण होडी..." एवढं म्हणाले आणि थांबले. होडीचं काय, मी विचारलं. काही नाही, ते म्हणाले. येताना त्यांनीच चालवली. बाईंच्या घरामागचा तो चिखलाचा चढ त्यांनी विनाकारण दोनदा चढवला.

तर तुझा हुकूम मोडला आहे. शिक्षा काय ती कळव. भावोजींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला आराम पडो.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी माझ्या दारात उभी आहे आणि आत येणाऱ्याला भिंतीला चिकटून यावं लागतं. तुझी भावजय अजून काही बोललेली नाही. हाही एक धक्काच आहे.

ता. क. २. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. तुझ्या शहरातून नदी जाते. तिथे कुणाकडे एखादी जुनी, छोटी, तीन माणसं बसतील अशी होडी विकायला आहे का बघ. नाल सापडली म्हणून घोडा घेतोय हे मला कळतं. पण ते आता कधीच एकटे जाणार नाहीत, मी बरोबर बसेन, जॅकेट घालून. मला पोहता येत नाही हे त्यांना सांगू नकोस. होडी गेल्याचं मला कळलंय हेही त्यांना कळता कामा नये.

ता. क. ३. चि. मोठीस अनेक आशीर्वाद. औषधं द्यायला आलेला धाकटा हे पत्र माझ्या टेबलावर उघडंच विसरून गेला. वाचलं. हकिकत बहुतांशी बरोबर आहे, पुढील दुरुस्त्या कराव्यात. तू रडल्यावर दोन दिवसांत, ज्याला बॉनेट आणि डिकी यांतला फरक कळत नाही तो मुलगा गाड्या बघायला चला म्हणाला. निरीक्षकाला एवढा पुरावा पुरतो. तेव्हा तुमचं ठरलेलं मला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. शपथवाल्यांचा दांडा चांगला घट्ट होता, त्याचा स्क्रू मीच खाली वाकून काढला. चौतीस वर्षं लोकांची लबाडी पकडली, ही माझी पहिली. त्यांना पत्र पाठवून माफी मागितली आहे. धाकट्याला पोहता येत नाही हे तो सहा वर्षांचा असल्यापासून मला माहीत आहे. होडी बघायची असेल तर मात्र तू बरोबर हवीस. दर रविवारी तुला जमणार नाही. जमेल तेव्हा ये. मी लवकर पसंत करणार नाही.