मागचा ब्रेक

धामणगाव बढे
३ ऑगस्ट २०२५

चि. समतास,
बेबी आजीचा सप्रेम जयभीम आन् डोक्यावर हात. वि. वि.

इकडं समदे खुशाल हायेत, म्हनजे एकमेकांवर ओरडून राह्यले. तू म्हनशीन, फोन असून आजी पत्र काऊन लिहिते. तर फोन तुह्या बापाच्या, माह्या धम्मरत्नच्या खिशात राह्यते. मी बोलाले लागली का तो मधातच माह्या तोंडातली गोष्ट काढून घेते. आन् तू पोस्टात डाकसेवक झाली. घरच्याच मानसानं पत्र टाकलं नाही तर लोकाईनं काऊन टाकावं? मी दुसरी शिकली. अक्षराले हासाचं नाही.

तुही कॉलेजची सायकल पाठोली. माणिकरावचा ट्रक कोल्हापूरले माल घेऊन गेला, तिथून पुढच्या गाडीत तोच घालून देईन. पाठोयाच्या आंधी म्या ती पुंजाजीच्या दुकानात नेली. दोन्ही मडगार्ड काढून घेतले आन् मागचा ब्रेकही. पुंजाजी म्हने का बेबीताई, ब्रेक राहू द्या. म्या म्हनलं, तुह्या दुकानासमोरच्या काळ्या मातीत सायकल खांद्यावर घेऊन लोक येतात, ते दिसत नाही का तुले? मागच्या चाकात गोळा बसला का चाक फिरत नाही. तिकडं कोकनात तं चारपट पानी पडते, म्हनजे चिखलही चारपटच असन. पाय टेकला का सायकल थांबते. पुंजाजीनं पाना उचलला आन् गप काम केलं. असंच राह्यलं पाह्यजे मानसानं.

बुलढान्याच्या पाव्हन्याचा निरोप आला. पोरगी पसंत हाये, नोकरी सोडून आली तं उन्हाळ्यात लग्न उरकू म्हनतात. तुहा बाप खुश. मी गप हावो. पन माहं गप राहनं त्याले समजत नाही.

कळावं. लोभ हाये तेवढाच राहू दे, जास्त झाला तं मी लाडावते.
बेबी आजी

ता. क. समुद्र आपल्या नळगंगा धरनाएवढा हाये का मोठा, ते लिहिजो.


खारशेत, जि. रत्नागिरी
१६ ऑगस्ट २०२५

ती. आजीस,
समताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र माझ्याच थैलीत आलं. ते मीच काढलं, मीच शिक्का मारला आणि मीच मला दिलं. सही घ्यायला तेवढं कोणी नव्हतं.

सायकल पोचली. छान आहे. समुद्र नळगंगेपेक्षा मोठा आहे, आजी. पलीकडचा काठच दिसत नाही.

रस्त्याचं काय सांगू. आमचं पोस्ट खाली, खाडीच्या तोंडाशी. मोठं पोस्ट वर सड्यावर, अकरा किलोमीटरवर. सडा म्हणजे काळ्या कातळाचं माळरान, झाड नाही की झुडूप नाही, आत्ता त्यावर जांभळी फुलं आलीत. पण सरळ वर जाता येत नाही. एक डोंगर चढायचा, पलीकडे उतरून पुलावरून खाडी ओलांडायची, पुन्हा चढायचं. पहिल्या चढाच्या वळणावर डाव्या हाताला अचानक समुद्र येतो, इतका जवळ की वाटतं हँडल थोडं वळलं तर चाक ओलं होईल. मुंबईपुण्याची माणसं हजारो रुपयांच्या सायकली घेऊन मुद्दाम हा रस्ता चालवायला येतात आणि त्या वळणावर फोटो काढतात. मला त्याच रस्त्याचा पगार मिळतो.

चढ मला आवडतो. दम लागतो, पण बरा असतो बिचारा. तीनच्या आत थैली वर पोचवायची, कारण तीनला टपालाची गाडी निघते.

बाबांना सांग, लग्नाचं नंतर बघू. अक्षर थोडं वाकडं आलंय, घाईत लिहितेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझीच समता


धामणगाव बढे
२३ ऑगस्ट २०२५

चि. समतास,
जयभीम. आशीर्वाद मागून देईन, आंधी उत्तर दे.

तुहं पत्र म्या तीनदा वाचलं. शेजारच्या तानुबाईलेही दाखोलं. घाईतलं अक्षर पुढं पळते. तुहं अक्षर मागं पडून राह्यलं. हे उजव्या हाताचं नाही. काऊन डाव्या हातानं लिहिलं?

दुसरी गोष्ट. दोन पानं रस्ता लिहिला आन् सायकलीले एकच शब्द, छान. लहानपनी ताट सांडलं का तू अशीच छान म्हनत होती. तिसरी गोष्ट, चढ आवडते म्हनते. चढाची तारीफ कोन करते? ज्याले उताराचं भ्याव बसलं तो.

मले रस्ता नको शिकवू. बहात्तरच्या दुष्काळात म्या घाटरस्त्यावर खडी फोडली, सतरा वर्साची होती. भरलं टोपलं घेऊन चढताना एकही बाई पडत नव्हती. रिकामं टोपलं घेऊन उतरताना पडत होत्या. मुकादम हासे. म्या एक दिवस त्यालेच रिकामं टोपलं देऊन उतरवलं. मंग नाही हासला.

काय झालं ते लिही. खोटं लिहिशीन तं मी तिकीट काढून येईन, आन् मी आली का पंधरा दिवस जात नाही, हे तुह्या मायले इचार.

कळावं. हात कोनता दुखते तेही कळावं.
बेबी आजी


खारशेत
१ सप्टेंबर २०२५

ती. आजीस,
जयभीम. वि. वि.

उजवं मनगट. हाड चिरलंय. प्लास्टर आहे, पंधरा तारखेला निघेल. बाकी गुडघे आणि हनुवटी, ते भरलं.

११ तारखेला झालं. सायकल आल्याचा तिसरा दिवस. पहिला डोंगर चढून पुलाकडे उतरत होते. तो उतार आपल्याकडच्या कुठल्याच रस्त्यासारखा नाही. इथं चिखल चिकटतच नाही, आजी. माती तांबडी, खाली सगळा दगड. पाणी पडतं आणि वाहून जातं. रस्ता धुतलेल्या ताटासारखा गुळगुळीत. पाय टेकायला गेले तर चप्पलच मागे राहिली. मग पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि मी सायकलच्या आधी पुलावर पोचले.

थैली फुटली. मासे विकणाऱ्या जनकाबाई मागून टेम्पोतून येत होत्या. त्यांनी आधी मला बाजूला बसवलं आणि मग पदर खोचून सगळी पत्रं गोळा केली. एकही गेलं नाही. त्या दिवशी टपालाची गाडी मात्र गेली. तेव्हापासून थैली त्यांच्याच टेम्पोतून नेते. पण टेम्पो भरला की निघतो, त्यामुळे रोज उशीर. वरचे साहेब चांगले आहेत. ते म्हणाले, पोरी, टपालाला बांगड्याचा वास येतोय, ते मी सोसेन, पण वेळ सोसता येत नाही. सप्टेंबर संपेपर्यंत थैली वेळेवर यायला लागली तर ठीक, नाहीतर तूच विचार कर.

बाबांना फोनवर हात तेवढा सांगितला होता, तुला सांगू नका म्हटलं होतं. त्यांनी एकच धोशा लावलाय, राजीनामा दे आणि ये, चांगलं स्थळ थांबलंय. मी राजीनाम्याचा अर्ज अर्धा लिहिलाय. खरं सांगू? मला त्या उताराची भीती वाटते. टेम्पोतून तो उतार उतरतानाही डोळे मिटते.

इथल्या सायकलवाल्यानं विचारलं की मागचा ब्रेक कोणी काढला. मी सांगितलं, मीच काढला.

आजी, येऊ का घरी? तू सांगशील तसं करेन.

तुझीच समता


धामणगाव बढे
११ सप्टेंबर २०२५

चि. समतास,
सप्रेम जयभीम आन् आशीर्वाद, यावेळी आंधीच.

चूक माही हाये. तुही नाही, पुंजाजीची नाही, रस्त्याची नाही. त्या सायकलवाल्याले जाऊन सांग का आजीनं काढला. माह्या चुकीवर तू आपलं नाव टाकाचं नाही. एवढं लिहिलं, आता रडाचं काम नाही.

पत्र वाचलं आन् पुंजाजीकडं गेली. म्हनलं, बावा, तू बरोबर होता. त्याले खरंच वाटेना, दोनदा बोलाले लावलं. मंग म्हनलं, उतारावर सायकल कशी धरतात ते मले दाखव. तो म्हने, धामनगावात उतार कुठून आनू? म्हनून आम्ही त्याची सायकल टेम्पोत टाकून बुलढान्याले गेलो, आन् राजूर घाटातून खाली आलो. तो सीटवर, मी मागं कॅरिअरवर. सत्तरी झाली माही. वांदरं झाडावरून पाहत होती, तीबी गप झाली. रोहिणखेडचे ओळखीचे लोक मोटरसायकलवरून जात होते, त्याईनं थांबून इचारलं का बेबीताई, कोनी पळवून नेऊन राह्यलं का. म्या म्हनलं, हाव, पन लय हळू नेऊन राह्यला.

पह्यल्या वळनाले म्याही डोळे मिटले. दुसऱ्याले उघडले, कारन मिटून जास्त भ्याव वाटते. हे तुलेही सांगून ठेवते.

पुंजाजी म्हने ते लिहिते. मागचा ब्रेक आंधी, पुढचा मागून. दाबून धराचा नाही, धर आन् सोड, धर आन् सोड. नाही तं रिम तापते. वळनाच्या आंधी हळू व्हाचं, वळनात नाही. बूड सीटवर मागं सरकवाचं. जिथं नजर, तिथं चाक जाते, म्हनून दरीकडं पाहाचं नाही, पुढच्या रस्त्याकडं पाहाचं. आन् नाही जमलं तं उतरून चालाचं. चालनं काही गुन्हा नाही.

मागचा ब्रेक आन् दोन्ही मडगार्ड पार्सलनं पाठोले. ब्रेकाचे रबर नवे हायेत.

आता तू इचारलं, येऊ का. मी ये म्हनलं तं तू येशीन, आन् मंग जलमभर चुलीपुढं म्हनशीन का आजीनं बलावलं. नको येऊ म्हनलं आन् पुन्हा पडली, तं मी कोनाले तोंड दाखवू? म्हनून मी काहीच सांगत नाही. माह्यावर टाकू नको. एवढंच सांगते का उताराच्या भ्यावानं आली तं ते भ्याव इथंही येईन, इथं उतार नसला तरी. आन् तुले ती नोकरीच आवडत नसन, तं बिनघोर ये, दार उघडं हाये. दोन्हीतलं कोनतं, ते तुले ठाऊक.

धम्मरत्नले सांगतलं का उत्तर येईपर्यंत पोरीले फोन करून डोकं खाऊ नको. पाव्हन्याले म्याच निरोप देल्ला, घाई असन तं दुसरी पाहा. तुहा बाप दोन दिवस माह्याशी बोलला नाही. लय शांतता होती घरात.

कळावं. बसाचं दुखून राह्यलं, म्हनून उभ्यानं लिहिलं.
बेबी आजी


खारशेत
२६ सप्टेंबर २०२५

ती. आजीस,
समताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

राजूर घाटाचं जनकाबाईंना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की टोपलीतलं पापलेट खाली पडलं.

पार्सल मिळालं. सायकलवाल्यानं ब्रेक बसवला. तुझा निरोप त्याला सांगितला. तो म्हणाला, चूक कबूल करणारी आजी त्यानं पहिल्यांदाच ऐकली, आणि बसवण्याचे पैसे घेईना.

सोमवारी निघाले. उतार सगळा चालत उतरले, सायकल हातात धरून. वर पोचले तर गाडी निघून गेली होती. मंगळवारी सीटवर बसले, पण चार ठिकाणी थांबले. मोठ्यानं धर, सोड, धर, सोड म्हणत होते. गाडी मला निघताना दिसली, हात केला, थांबली नाही. साहेबांनी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

ऑगस्टमध्ये पडले होते त्या जागी बुधवारी आले. डोळे उघडे ठेवले. दरीकडे नाही, पुलाच्या कठड्याकडे नाही, रस्त्याकडे पाहिलं. मागचा आधी, पुढचा नंतर. पूल आला आणि चाकाखालून गेला. पुढचा चढ मी कसा चढले ते आठवत नाही. वर पोचले तेव्हा टपालाच्या गाडीचा ड्रायव्हर अजून चहा पीत होता. काल पण. आज पण.

राजीनाम्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला मी या तीन दिवसांच्या वेळा लिहून ठेवल्यात. मला ही नोकरी आवडते, आजी. मी राहते. बाबांना मी स्वतः फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, हेल्मेट घे.

तुझी माया आहेच, वर थोडी शाबासकी पाठव.
तुझीच समता


धामणगाव बढे
५ ऑक्टोबर २०२५

चि. समतास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

शाबासकी मागून भेटत नाही. पन पत्र म्या तानुबाईले वाचून दाखोलं, तिनं तिच्या सुनेले सांगतलं, आता गावात कोनाले सांगाचं राह्यलं नाही. तुहा बाप दुकानादुकानात म्हनून राह्यला का माही पोरगी समुद्राच्या काठानं टपाल नेते. महिनाभर राजीनामा दे म्हननारा तोच होता, हे म्या चारचौघात काढलं नाही. घरी काढलं.

मी येऊन राह्यली. वीस तारखेनंतरच्या एस.टी.नं, धम्मरत्न सोबत हाये. मले तो तुहा रस्ता पाहाचा हाये. सायकलवर बसनार नाही, एकदा बसली तेवढं पुरे. पुलापर्यंतचा उतार मी पायी येईन, माह्या चालीनं.

तू माह्यासाठी सायकलवरून उतरू नको. सोबत चालू नको, मागं वळून पाहू नको, वळनात तं बिलकूल नाही. तू पुढं जा. तीनच्या आत थैली दे. मंग सावकाश परत ये मले घ्याले. मी पुलावर बसून राहीन.

कळावं.
बेबी आजी