साडेचार फुटी लेथ

१२ जानेवारी १९६३, बुलढाणा
कोर्टातून रिटायर होऊन बारा दिवस. घरी वर्कशॉप काढायचं ठरवलं. मुलगी आशा पहिल्या बाळंतपणाला येतेय, पाळणा मीच करणार. चारही खांब लेथवर घडवलेले. गल्लीत निवृत्ती सुतार आहे, पण त्याचा खराद दोरीवर चालतो. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं कोरायचं. ताक घुसळतात की लाकूड, कळत नाही.

१९ जानेवारी
कॅटलॉग आलं. लेथ दोन, अडीच फुटी आणि साडेचार फुटी. निवृत्तीला सहज दाखवलं. म्हणे, सायब, पाळण्याले लहानच पुरते, पहिले हात तं बसू द्या. अंगठेबहाद्दर. मोठ्याची ऑर्डर टाकली.

१० फेब्रुवारी
मलकापूर स्टेशनहून ट्रकने लेथ आला. दारातून जाईना. चौकट निवृत्तीनेच काढली, तेवढं त्याला येतं. लेथ स्वयंपाकघरात बसवला, उजेड तिथेच. सौ. विमल म्हणाली, मंग मी चूल कुठी मांडू? बायकांना दूरदृष्टी नसते. चूल परसात.

११ फेब्रुवारी, पहाटे
आजपासून रोज सहा ते दहा काम. अपवाद नाही.

१७ फेब्रुवारी
सुरुवात उद्यापासून. आठवडा पटाशीला धार लावण्यात गेला. पटाशी दीड इंच आखूड झाली. हल्लीचं लोखंड.

२६ फेब्रुवारी
पहिला खांब. मोटार सुरू करताच सुटला आणि परसात गेला, विमलच्या दुधाच्या पातेल्यात. हल्लीचं सागवान. निवृत्तीने विचारलं, दोन्ही टोकाले मधोमध खूण केली होती का? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

८ मार्च
सात खांब. एकासारखा दुसरा नाही. विमल म्हणाली, याचं लाटणं तरी होईन. संध्याकाळपर्यंत लाटण्याइतकंही उरलं नाही.

२१ मार्च
अंगात कणकण. निवृत्तीला माझ्या देखरेखीखाली मशीन चालवू दिलं. खाटेवरून सूचना देत होतो, मोटारीच्या आवाजात त्याला ऐकू गेल्या नसाव्यात. दुपारपर्यंत चार खांब, चारही सारखे. यंत्र नीट निवडलं की अडाण्यालाही जमतं.

९ एप्रिल
आशाला मुलगी झाली, आज बारसं. पाळण्यात छान झोपते. आशा बराच वेळ खांबावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, बाबा, निवृत्तीकाकाले लुगडं-धोतर काही केलं का? तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

२ मे
निवृत्ती आता रोजच येतो. पलंगाचे पाय, पाळणे, काय काय करतो. यंत्र गंजू नये म्हणून मीच परवानगी दिली आहे.

१६ मे
सकाळी अमडापूरचे किसनराव म्हणून कोणी आले. मी भुसा झाडत होतो, वर्कशॉपला शिस्त हवी. म्हणाले, काऊन बाबा, मिस्त्री कधी येतीन? नऊला, म्हटलं. ते बसले. पाणी मागितलं, दिलं. भिंतीशी टेकवलेले खांब न्याहाळून म्हणाले, लय मोठा कारागीर आहे, बाबा. टिकून राह्यजा त्याच्यापाशी. या वयातही शिकसान काही.
नऊला निवृत्ती आला.  मी उरलेला भुसा झाडला.