द्वारकाआत्याचा चौक आणि ऋतिकाचं विमान

चि. सौ. विमल हिला मयेहून यशोदाअक्काचे भरभरून आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत गो? माझे आहेत तिथेच आहेत, फक्त वाकत नाहीत. भावोजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्यालाही.

आनंदाची बातमी म्हणजे आमच्या ऋतिकाला (गौरेशची धाकटी, तुझ्यासारखी उंच) विमान चालवायच्या शाळेत जागा मिळाली. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी दारोदार साखर वाटून आले. आणि गौरेश, माझाच मुलगा, म्हणतो, "आई, मुलीच्या जातीला जमिनीवर काय कमी आहे?"

आता गंमत ऐक. हाच गौरेश सध्या आपल्या द्वारकाआत्याच्या नावाने गावात चौक करतोय. समितीचा अध्यक्ष! तीच आपली आत्या, पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, राज्यातून मुंबईला जाऊन विमान शिकली ती. (ती पहिल्यांदा उडाली तेव्हा गावाने आजोबांना वर्षभर देवळात नारळ ठेवू दिला नव्हता. आता त्याच घरांतले चौघे "ती आमच्या कुळातली" म्हणून भांडतात. मेलेलं माणूस सोयीचं असतं बाय, उलट बोलत नाही.)

समितीने फोटो मागितला. मी ट्रंकेतला दिला, कातडी टोपी, मोठा चष्मा, विजार, कमरेवर हात. फलक लागला तो बघते तर काय! टोपी गेली, डोक्यावर पदर आला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. (जन्मात लग्न केलं नाही तिने. मंगळसूत्र समितीने घातलं.) मागे विमान, विमानापुढे आमदार. संध्याकाळपर्यंत तीन बायका मला भेटायला आल्या, "कधी गेली गो?" म्हणून. चाळीस वर्षं झाली म्हटलं, तरी चहा पिऊन, दोन टिपं गाळूनच उठल्या.

फलकाखाली गौरेशने भाषण ठोकलं. घराघरांतून अशा द्वारका उडाल्या पाहिजेत म्हणे! मी पहिल्या रांगेतून विचारलं, "कुठल्या घरापासून सुरू करूया, बाबा?" तर माईक बंद पडला म्हणाला. (चालू होता. त्याचं घसा खाकरणं मला ऐकू येत होतं.)

घरी येऊन म्हणतो, देवाला विचारू. देवळात कौल लावला. भटजींनी मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, आम्ही हात जोडून उभे. उजवी पडली, म्हणजे देव म्हणतो जाऊ दे. गौरेश म्हणतो, पंख्याचा वारा. पंखा बंद करून पुन्हा लावला. पुन्हा उजवीच! आता म्हणतो, प्रश्नच नीट विचारला नव्हता, पौर्णिमेला परत विचारू. सोमवार आधी, पौर्णिमा नंतर. एवढं माझ्यासारख्या दुसरी पास बाईलाही कळतं.

बाकी क्षेम. भावोजींसाठी नाचणीचं सत्त्व पाठवतेय.

तुझी यशोदाअक्का

ता. क. हे पत्र तुझ्या हातात देणारी मुलगी तीच ऋतिका. तिचं विमान मोपाहून आज, रविवारी, चारला आहे. तुझ्या घरून विमानतळ जवळ, तेव्हा तुझ्या साईशला गाडी काढायला सांग. गौरेशला मी सांगितलंय की पेडण्यात स्थळ आहे, मुलगी दाखवून आणते. त्याचा फोन आला तर मुलाची उंची विचारेल. बऱ्यापैकी सांग.

आणखी एक. (ही ओळ बसमध्ये लिहितेय, अक्षरातले खड्डे रस्त्याचे आहेत.) तोंडावर नाही म्हणायला तुला जड जाईल म्हणून पत्र पुढे पाठवलं. तू हे वाचशील तेव्हा मी तुझ्या अंगणाबाहेर, पोरीच्या बॅगेवर बसलेली असेन. खुशाल नाही म्हण. मग मी आत येते आणि गणपतीपर्यंत राहते.