पोस्टाने आलेलं घर

सोमवार, १ सप्टेंबर

पोचले एकदाची. मिल्टन कीन्स हे इंग्लंडातलं गाव कोणीतरी पट्टी घेऊन आखलंय. रस्त्यांना नावं आहेत, पण लोक H6, V7 असंच बोलतात, आणि जरा पुढे गेलं की राउंडअबाउट. टॅक्सीने इतके फेरे घेतले की आपण पुढे चाललोय की कुणाला प्रदक्षिणा घालतोय तेच कळेना.

खोली धम्मशीलाताईंच्या घरी मिळाली आहे. ताई मूळच्या नागपूरच्या, इथे हॉस्पिटलात नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात. जीव लावणाऱ्या, पण नियमांच्या पक्क्या. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोसमोर चपला नकोत, कांदा कापताना खिडकी उघडी हवी, आणि सकाळी त्या ध्यानाला बसल्या की मिक्सर लावायचा नाही. मला सगळं मान्य आहे, कारण आल्या आल्या गरम वरणभात मिळाला.

अवधूतचा नोटीस पीरियड संपला की तो आणि तनू दिवाळीच्या आधी येतील. सहा वर्षांची पोर सोडून पुढे आले म्हणून सासरमाहेरचे सगळे माझ्यावर नाराज आहेत. तनू सोडून. तिने फक्त एवढंच बजावलं की नव्या घरात पलंगाची खिडकीकडची बाजू तिची. तिचा वरचा एक दात पडलाय, जेवताना ती तोंड मिटून गुणगुणते, आणि माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नाही. आज कान अगदी रिकामा वाटतोय.

बुधवार, ३ सप्टेंबर

ऑफिस पाहिलं. सगळे मिळून आम्ही जेमतेम एक टेबल भरतो. मालक प्रणव वेम्बलीत जन्मला, आईवडील ठाण्याचे. मराठी बोलायची हौस दांडगी, लिंग मात्र नशिबावर सोडलेलं. मला म्हणाला, "देविका, तुझा मेमरी कशी आहे?" मी म्हटलं, तुझ्या मराठीसारखी. हसला बिचारा.

त्याने विथरिज मेमरी कोर्स नावाच्या, कधीच्या बंद पडलेल्या कोर्सचे हक्क घेतलेत. त्याचं ॲप करायचंय, आणि त्यातला इतिहासाचा भाग मी लिहायचाय. काम मजेचं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत जाहिरात यायची, तुम्ही नावं विसरता का? कुपन भरून पाठवलं की पोस्टाने राखाडी पुस्तिका घरी येत, एकेका पाठाची एकेक. गृहपाठ करून परत धाडायचा आणि ट्यूटर तो हिरव्या शाईने तपासणार. विद्यार्थ्यांत कारकून होते, फिरते विक्रेते होते, लढाईवरून परतलेले सैनिक होते. आणि विधवा, त्या तर फारच. त्यांना एवढी स्मरणशक्ती वाढवून काय करायचं होतं कोण जाणे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

इतिहास लिहायचा तर कोर्स स्वतः करून बघ, असं प्रणवचं म्हणणं. म्हणून आज पहिला पाठ केला.

युक्ती घराची आहे. बाकीचे उस्ताद सांगतात, आपल्या ओळखीचं घर डोळ्यांसमोर आणा आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी त्याच्या खोल्यांत मांडा. विथरिजसाहेबांनी मात्र सगळ्या विद्यार्थ्यांना एकाच घराचा नकाशा पाठवला. हिरवं दार, आत लांबट हॉल, डावीकडे जेवणघर, समोर जिना. म्हणजे देशभर हजारो माणसं डोळे मिटून एकाच घरात शिरत होती. मनात घर करणं म्हणतात ते हेच असावं.

काम झालं की दारात उभं राहून मोठ्याने निरोप घ्यायचा आणि दार लावायचं. इंग्रजीत वाक्य छापलंय, त्याचा अर्थ साधा, मी गेलो. खाली वेल्श विद्यार्थ्यांसाठी बारीक टीप आहे, की ज्या भाषेत आईने शाळेत धाडलं त्याच भाषेत म्हणावं. मी आपलं "येते हं" म्हटलं आणि दार ओढून घेतलं. ताई किचनमधून विचारायला लागल्या, कुठे चाललीस?

गंमत म्हणजे कोर्स खरंच चालतो. ऑफिसचे सगळे पासवर्ड आत मांडले होते, एकही चुकला नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज स्लाऊला गेले. कोर्सच्या शेवटच्या ट्यूटरपैकी एक, मिसेस पार्सन्स, तिथल्या केअर होममध्ये असतात. वयाने थकल्यात, पण बोलणं ठणठणीत. विथरिज यांचा मुलगा लढाईत गेला, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्याचा चेहरा वडिलांना आठवेना, तेव्हा त्यांनी हे घर कल्पून त्यात मुलाला नीट बसवलं, आणि मग तो कधीच पुसट झाला नाही. कोर्स त्यातून निघाला. ऐकून गलबलून आलं. हे इतिहासात घालायलाच हवं.

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, तू बाहेर पडताना निरोप नीट घेतेस ना? मी म्हटलं, अगदी आमच्या पद्धतीने घेते. बरं वाटलं त्यांना. निरोप घेतला नाही तर आतले लोक वाट बघत बसतात, म्हणाल्या. कोण आतले, असं मी विचारलं तर त्यांनी चहा मागवला. म्हातारपणी माणसं असं काहीबाही बोलतात.

गुरुवार, १८ सप्टेंबर

डोळे मिटून जाते त्या घरात माझ्या नसलेल्या वस्तू दिसायला लागल्यात. हॉलच्या खुंटीवर बायकी हॅट आहे. जेवणघराच्या दाराशी चिखलाचे बूट. मी ठेवलेले नाहीत, असले बूट मी कधी पाहिलेलेही नाहीत. प्रणव म्हणतो जुने फोटो बघून बघून डोक्यात बसलं असेल. असेलही.

दुसरी गोष्ट जरा त्रासाची. जे आत ठेवलं ते बाहेर सापडत नाही. टेस्कोत किराणा घेताना कार्डाचा पिन आठवेना. तिथेच काउंटरपाशी डोळे मिटून, हिरव्या दारातून आत जाऊन आणावा लागला. मागे रांग खोळंबली आणि मी हसून सॉरी म्हटलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज सहावा पाठ. सर्वांत प्रिय माणसाला जिन्यावर बसवायचं आणि त्याच्याबद्दलचं सगळं त्याच्यापाशी ठेवायचं, काही हातचं राखायचं नाही. मग काहीच हरवत नाही, असं छापलंय.

मी तनूला बसवलं. पिवळा रेनकोट, पडलेला दात, गुणगुणणं, कानाची पाळी, जन्मली तेव्हाचा रडण्याचा पहिला आवाज, सगळं एकेक करून ठेवलं. इतकी स्पष्ट दिसली की डोळे भरून आले. महिना झाला नाही, पण मला तिच्याशिवाय करमत नाही हेच खरं. निघताना तिच्या केसांवरून हात फिरवला आणि नेहमीसारखं "येते हं" म्हटलं. ती शहाण्यासारखी मान हलवून बसून राहिली.

शनिवार, २७ सप्टेंबर

व्हिडिओ कॉल केला. तनू जेवत होती. मी अवधूतला विचारलं, ही जेवताना गुणगुणायला कधीपासून लागली, सवय मोड तिची. त्याने फोन तिच्यापासून लांब नेला. मग म्हणाला, अगं, पहिल्यापासून.

मला आठवत नाही. खरंच नाही. आत जाऊन पाहिलं तेव्हा ती जिन्यावर गुणगुणत होती, आणि मग सगळं आठवलं. बाहेर आले की पुन्हा कोरं. फोनमधला फोटो बघितला तर एक गोड मुलगी दिसते, एवढंच.

आता भीती वाटते आहे. लिहायला लाज वाटते, पण वाटते आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर

प्रणवला सांगितलं, मी कोर्स थांबवते. तो म्हणाला, बरं, थांबव.

पण आत गेल्याशिवाय तनू मिळत नाही. म्हणून गेले. हॉलमध्ये माणसं आहेत. भिंतीला लागून दोन्ही बाजूंना बसली आहेत, कुणी बोलत नाही, सगळी दाराकडे बघतात. मी घाईने दारात आले, "येते" म्हटलं.

आतून उत्तर आलं. एकाच वेळी पुष्कळांचं. मराठीत.

"ये."

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मिसेस पार्सन्सना फोन केला. सहाव्या पाठाचं सांगितलं. मुलगी कधी गेली, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, गेली नाही, पुण्यात आहे, पुढच्या आठवड्यात येणार आहे.

माझं वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, जिवंत माणसाला तिथे कोणी बसवत नसे. हे छापलं का नाही, असं मी ओरडूनच विचारलं. छापायची गरजच नव्हती, म्हणाल्या, त्या काळी प्रत्येकाचं कोणी ना कोणी गेलेलं होतंच.

आत बसवलेलं परत आणता येतं का? त्यांना माहीत नाही. कोणी आणायला गेलंच नव्हतं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

ताईंना सगळं सांगितलं. त्या भुताखेतांना मानत नाहीत, मनाला मानतात. आधी जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेऊ म्हणाल्या. मग निरोपाचं नीट विचारलं, कोणते शब्द, कोणाला, दर वेळी तेच का. मी सांगितलं. ताईंच्या हातातला कप खाली आला.

"अगं, 'येते' आपण आपल्या माणसाइले म्हणतो, परत यायचं असते म्हणून. गेलेल्या माणसाले कोणी 'येते' म्हणते का, बाई?"

इंग्रजीत लिहिलं होतं, मी गेलो. आतल्यांनी वाट बघू नये म्हणून. आणि मी दर वेळी त्यांना वचन देऊन आले. आपल्याकडे "जाते" म्हणत नाहीत. आईने जीभ चावायला लावली असती. म्हणून—

मुलीला बाहेर आण, मग दारात "जाते" म्हण आणि दार लाव, असं ताई म्हणतात. त्या शेजारी बसणार आहेत, माझा हात धरून.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दुपारी गेले. ताईंचा हात धरून.

उभं राहायला जागा नाही. जेवणघरातून, वरून, जिन्याच्या खालून लोक आलेत. मला वाट करून देतात. अदबीने. घरच्या माणसाला देतात तशी.

ती पायरीवर होती. मी म्हटलं, तनू, चल. हात धरला. तिने सोडवून घेतला.

"नाही काकू. माझी आई येणार आहे. ती येते म्हणाली."

मीच आई, म्हटलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग सरकून मला शेजारी बसायला जागा दिली.

"जाते" म्हणून दार लावलं असतं तर मी सुटले असते. ती आत राहिली असती. नाही म्हणवलं. बसले तिच्याजवळ. सगळे दाराकडे बघत होते, मीही—

ताई सांगतात, त्यांनी मला हलवून हलवून उठवलं. बाहेर येताना काय म्हटलं, आठवत नाही. काही म्हटलं का?

गुरुवार, ९ ऑक्टोबर

जीपीने रक्त तपासायला सांगितलं. थकवा म्हणे.

अवधूतचा मेसेज. शनिवारी पोचतो आम्ही दोघं. दोघं म्हणजे कोण, विचारणार होते. मग मागची पानं वाचली. तनू. माझ्याच अक्षरात आहे. तनू, तनू. वाचते आणि नुसतं अक्षर—

डोळे न मिटताही हिरवं दार दिसतं. उघडंच आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आले. अवधूतला ओळखलं. वाळलाय.

त्याच्यासोबत एक मुलगी आहे. दारातून धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. मी हात वर धरून उभी राहिले, कुणाच्या मुलीला हात कसा लावायचा म्हणून. ताई तोंड फिरवून किचनमध्ये गेल्या. अवधूत म्हणतो, देविका, बघ तरी. बघते आहे. काय बघू—

मला आत जायचंय. जिन्यावर माझी मुलगी एकटी आहे. हे लोक जाऊ देत नाहीत. अवधूतने दंड धरून ठेवलाय, एका हाताने लिहिते आहे.

ती मुलगी समोर बसली आहे. दूध प्यायली, कप स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवून आली. तिच्या आईने वळण चांगलं लावलंय. रडत नाहीये, पण ओठ थरथरतात. वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून नाव विचारलं.

सांगितलं तिने. छान आहे ग, म्हटलं. कोणी ठेवलं?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अवधूतकडे. मग अगदी हळू म्हणाली, तू—