मालकांची सही

बाळ,

तुझं लग्न झालं त्या वर्षी मी अक्षरं शिकले, तुला चार ओळी लिहिता याव्यात म्हणून. त्या आज लिहिते.

मी वीज कार्यालयात गेले आहे. दर खेपेला तू म्हणतेस, "आई, गाडीचं चार्जिंग पुरणार नाही, अंधार पडायच्या आत निघते." म्हणून घरीच चार्जर बसवून घेतला. तू गाडी लावतेस त्याच भिंतीवर आहे. फक्त वाढीव लोड मंजूर व्हायचा राहिला आहे. वायरमन म्हणाला, "आजी, अर्जावर मालकांची सही आणा."

मी म्हटलं, "मालकांना आता कुठून आणू रे?"

"तुमचे नाही हो, मीटरचे मालक!"

"अरे, दोघे एकच."

बिचारा ओशाळला. मग म्हणाला, तसं अर्जात लिहून द्या.

चहा करून घे. तुझी खोली झाडून ठेवली आहे. चार्जर आज सुरू झाला नाही, तरी राहा.

अर्जातलं वाक्य इथे उतरवते. काही चुकलं असेल तर लगेच फोन कर.

मीटरचे मालक, माझे पती, या वर्षी अकरा मार्चला वारले.